चाळिशीनंतरचा कार्यालयीन पोशाख : टाय गेला, प्रश्न उरला

बेंगळुरू : इन्फोसिसने जून २०१५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना आठवड्याचे सर्व दिवस अनौपचारिक पोशाखात कामावर येण्याची मुभा दिली, तेव्हा या शहरातील माहिती तंत्रज्ञान क्षेत्राचा एक जुना दंडक मोडला. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली आणि १९८३ मध्ये बेंगळुरूला आलेली ही कंपनी तोवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाय आणि पॉलिश केलेले बूट यांसाठी ओळखली जात होती. त्या वेळचे मुख्य कार्यकारी अधिकारी विशाल सिक्का हे स्वतः टी-शर्टवर जाकीट घालून व्यासपीठावर येत. तरुण अभियंत्यांनी या निर्णयाचे मनापासून स्वागत केले. चाळिशी ओलांडलेल्यांची अडचण मात्र तेथूनच सुरू झाली. टाय हा गळ्याला काच असला तरी तो सर्वांना सारखा होता. बावीस वर्षांचा नवशिका आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा व्यवस्थापक एकाच साच्यात दिसत. साचा गेल्यावर प्रत्येकाला स्वतःचा निर्णय घेणे भाग पडले.

हा निर्णय वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यात प्रामुख्याने मधल्या व वरच्या श्रेणीतील लोक असतील असेही सांगितले. त्यानंतर पुणे, हैदराबाद, चेन्नई आणि बेंगळुरू येथील पंचेचाळिशीच्या आसपासच्या कर्मचाऱ्यांना मुलाखतीची तयारी पुन्हा नव्याने करावी लागते आहे. समोर बसलेले परीक्षक बहुधा वयाने लहान असतात. बेंगळुरूच्या कंपन्यांत सर्वजण एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, त्यामुळे ‘साहेब’ किंवा ‘सर’ या संबोधनातून मिळणारा वयाचा मानही तेथे नसतो. कपड्यांनी नोकरी मिळत नाही आणि टिकतही नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. परंतु ज्या माणसाला ‘जुना’ ठरविण्याची घाई झालेली असते, त्याने तसे दिसू नये एवढी खबरदारी त्याच्या हातात असते.

नियम कोठे आहेत आणि कोठे नाहीत

सरकारी नोकरीत उत्तर सोपे आहे, कारण ते लेखी असते. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने डिसेंबर २०२० मध्ये परिपत्रक काढून मंत्रालय व शासकीय कार्यालयांत जीन्स, टी-शर्ट, भडक रंग आणि चपला यांना मनाई केली होती व शुक्रवारी खादी वापरावी असे सुचविले होते. शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही असाच निर्णय घेतला : पुरुषांनी फिकट शर्ट व गडद पँट, शर्ट आत खोचलेला, स्त्रियांनी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता व दुपट्टा. वकिलांचा पोशाख बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी ठरतो, आणि उन्हाळ्यात सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता इतरत्र काळ्या कोटाची सक्ती नसते, ही सवलतही त्या नियमांतच आहे.

खासगी क्षेत्रात मात्र एकच अलिखित शब्दप्रयोग ऐकू येतो, ‘स्मार्ट कॅज्युअल’. त्याची व्याख्या कोणीही करीत नाही. ढोबळ अर्थ असा की कॉलर असलेला शर्ट किंवा कुर्ता, नीट बसणारी पँट किंवा गडद जीन्स आणि बंद बूट चालतात. ब्लेझर जवळ असावा, पण तो अंगात असलाच पाहिजे असे नाही. नव्या व छोट्या कंपन्यांत कंपनीचे नाव छापलेला टी-शर्ट हाच जणू गणवेश झाला आहे. एचएएल, बीईएल यांसारख्या सार्वजनिक उपक्रमांत आणि बँकांत साधा शर्ट-पँट अजून टिकून आहे. एकाच शहरात, कधी कधी एकाच रस्त्यावर, हे तिन्ही पोशाख सुखाने नांदतात. त्यामुळे नव्या ठिकाणी रुजू होण्यापूर्वी तेथील आपल्या श्रेणीची माणसे काय घालतात हे पाहून ठेवणे, हा सर्वांत उपयोगी सल्ला ठरतो. पाहायचे ते आपल्या श्रेणीच्या लोकांकडे. सर्वांत तरुण आणि सर्वांत वरिष्ठ, दोघांनाही पोशाखाची सूट असते.

वय आणि दिसणे यांच्याबाबत कायदा फारसा मदतीला येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ व १६ मध्ये धर्म, जात, लिंग, जन्मस्थान ही भेदभावाची कारणे निषिद्ध मानली आहेत. त्या यादीत वय नाही. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या सेवाशर्तींवर सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात निकाल दिला. त्या काळी या स्त्रियांना पस्तिसाव्या वर्षी किंवा पहिल्या गरोदरपणात निवृत्त व्हावे लागत असे. गरोदरपणाची अट न्यायालयाने रद्द केली. पस्तिशीनंतर मुदत वाढवून देण्याचा व्यवस्थापकीय संचालकांचा अनिर्बंध अधिकारही अमान्य केला. पण ठरावीक वयाला निवृत्त करणे हेच मुळात चुकीचे, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. चार दशकांनंतर, २०२२ च्या अखेरीस, त्याच कंपनीच्या नव्या व्यवस्थापनाने काढलेली नियमावली चर्चेत आली. तिच्यात पांढरे केस नियमितपणे रंगवावेत आणि टक्कल पडू लागलेल्या पुरुषांनी डोके पूर्ण भादरावे अशा सूचना होत्या. विमानात वावरणाऱ्यांसाठी जे लेखी आहे, ते संगणकासमोर बसणाऱ्यांसाठी अलिखित असते, एवढाच फरक म्हणावा लागेल.

शहराची जुनी सवय

बेंगळुरूला नेटक्या पोशाखाची परंपरा आहे आणि तिचे एक कारण भूगोलात आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरील या शहरात वर्षातील बराच काळ कोट सुसह्य होतो, जो मुंबईत किंवा नागपुरात शिक्षा वाटतो. या परंपरेचे सर्वांत परिचित चित्र सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकून मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केलेले हे गृहस्थ १९१२ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, म्हैसूर संस्थानचे दिवाण झाले. सूट, टाय आणि म्हैसुरी पेटा हा त्यांचा पोशाख नव्वदी उलटल्यावरही सैल झाला नाही. वय झाले म्हणून पोशाखातून सूट घ्यावी असे त्यांना कधी वाटल्याचे दिसत नाही. त्यांची छायाचित्रे याची साक्ष देतात.

हे कपडे शिवणारे हात बऱ्याच अंशी मराठी बोलणारे होते, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी ठाऊक नाही. कर्नाटकातील भावसार क्षत्रिय समाज हा परंपरेने रंगारी व शिंपी. हिंगलाजमाता ही त्यांची कुलदेवता, घरात बोलली जाते ती कन्नड वळणाची मराठी. नामदेव शिंपी समाजाची वस्तीही या भागात पूर्वापार आहे. बेंगळुरूत सुटांसाठी प्रसिद्ध असलेली ‘पी. एन. राव’ ही पेढी १९२३ मध्ये पिशे नारायण राव यांनी सुरू केली. पिशे हे आडनाव भावसार समाजात आढळते. चिकपेठेतील कापडाच्या गल्ल्या, कमर्शियल स्ट्रीटवरील दुकाने आणि मल्लेश्वरम, बसवनगुडीतील एका खोलीची शिंपीघरे यांतून आजही माप घेऊन शिवण्याची सोय आहे. तयार कपड्यांचे मोठे कारखाने पीण्या, बोम्मनहळ्ळी आणि म्हैसूर रस्त्यावर आहेत. म्हणजे परदेशी दुकानांत टांगले जाणारे शर्ट ज्या शहरात शिवले जातात, तेथेच अंगाला बसणारा शर्ट शोधताना मध्यमवयीन माणूस हैराण होतो. त्याचे कारण पुढे पाहू.

सारे काही मापावर

तयार कपड्यांचे आकार तरुण आणि सरळ उभ्या शरीराच्या मापांवर बेतलेले असतात. चाळिशीनंतर शरीर फक्त जाड होत नाही, त्याचा आकार बदलतो. संगणकासमोर वर्षानुवर्षे बसल्याने खांदे पुढे झुकतात, पाठीला किंचित बाक येतो, पोट पुढे येते आणि नितंब उतरतात. परिणामी शर्ट मागून वर चढतो व पुढून लोंबतो, दोन बटणांच्या मधोमध फट पडते, पँट मागे ढगळ आणि पुढे आवळ होते. अशा वेळी बहुतेकजण एक माप मोठा शर्ट घेतात. तेथेच चूक होते. मोठ्या मापाचा शर्ट पोटावर बसतो, पण त्याचा खांदा दंडावर उतरतो आणि माणूस उसने कपडे घातल्यासारखा दिसतो.

जाणते शिंपी आधी खांदा पाहतात. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर आली पाहिजे, कारण दुरुस्तीला सर्वांत अवघड तीच असते. कंबर, बाह्यांची लांबी, पँटची उंची या गोष्टी तासाभरात बदलता येतात. ब्लेझरचा खांदा बदलायचा म्हणजे तो जवळजवळ उसवून पुन्हा शिवायचा. म्हणून खरेदी करताना खांदा व छाती यांना बसणारा कपडा घ्यावा आणि बाकीचे नंतर आवळून घ्यावे. पुढचे माप मानेचे. कॉलरचे बटण लावल्यावर एक बोट सहज आत गेले पाहिजे. गळ्याचा घेर वयाबरोबर वाढतो याकडे लक्ष जात नाही आणि जुने शर्ट गळ्याशी उघडे ठेवण्याची सवय लागते. बाक आलेल्या पाठीसाठी शिंपी मागची उंची थोडी जास्त ठेवतो. माप घेताना श्वास रोखून ताठ उभे राहिले, तर कपडा त्या क्षणापुरता शिवला जातो. रोज उभे राहतो तसेच उभे राहावे.

पँटच्या बाबतीत पोटाखाली पट्टा बांधण्याची सवय सर्वांत जास्त वय दाखवते. कमरेच्या नैसर्गिक रेषेवर बसणारी, म्हणजे थोड्या उंच कमरेची पँट आणि पुढे एखादी चुणी, याने पोट झाकले जाते आणि पाय लांब दिसतात. पँटची खालची किनार बुटावर जेमतेम टेकावी, तिच्या वळकट्या पडू नयेत. एवढी एक दुरुस्ती केली तरी दहा वर्षांपूर्वीची पँट आजची वाटू लागते. अतिआवळ पँट घालून तरुणांशी बरोबरी करण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. ती बरोबरी कोणाच्याच लक्षात येत नाही, अवघडलेली चाल तेवढी येते.

भारतीय उत्तर हवे असेल तर बंदगळा आहे. गळ्याशी बंद होणारे जाकीट टायचा प्रश्न निकाली काढते, पोटावरून सरळ खाली उतरते आणि साध्या शर्टावर वा कुर्त्यावरही शोभते. बाह्या नसलेल्या खादीच्या जाकिटाचेही तेच. बेंगळुरूच्या कार्यालयांत १ नोव्हेंबरच्या राज्योत्सवाला आणि दसरा-दिवाळीच्या ‘एथ्निक डे’ला ही जाकिटे कपाटाबाहेर येतात व दुसऱ्या दिवशी परत जातात. वर्षभर ती का वापरू नयेत, याला सवयीखेरीज दुसरे कारण दिसत नाही.

साडीचे कार्यालयीन आयुष्य

२४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्या दिवशी बेंगळुरूतील इस्रोच्या केंद्रात साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या काही स्त्रिया आनंदाने एकमेकींचे अभिनंदन करीत असल्याचे छायाचित्र जगभर पसरले. शास्त्रज्ञ म्हटल्यावर पांढरा डगला घातलेला पुरुष डोळ्यांसमोर आणणाऱ्यांना त्या चित्राने धक्का दिला. पुढे इस्रोने स्पष्ट केले की छायाचित्रातील स्त्रिया प्रशासकीय कर्मचारी होत्या. मात्र मोहिमेवर काम केलेल्या अनेक स्त्री शास्त्रज्ञ त्या वेळी नियंत्रण कक्षात होत्याच. नंदिनी हरिनाथ आणि रितू करिधाल या दोघी मोहिमेच्या उपसंचालन-संचालक होत्या. करिधाल पुढे चांद्रयान-२ च्या मोहीम संचालक झाल्या आणि एम. वनिता प्रकल्प संचालक. चित्राचा अर्थ त्या खुलाशाने कमी होत नाही. हिशेब लिहिणारी असो वा कक्षा ठरविणारी, साडी हा त्या दोघींचाही कामाचा पोशाख होता.

याच शहरात राहणाऱ्या लेखिका सुधा मूर्ती यांचा अनुभव नाण्याची दुसरी बाजू दाखवतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर सलवार-कमीज घालून बिझनेस क्लासच्या रांगेत उभ्या असताना, ही रांग तुमची नव्हे असे त्यांना एका सहप्रवाशाने सुनावले होते. हा प्रसंग त्यांनी लिहिला आहे व अनेकदा सांगितला आहे. पोशाखावरून पायरी ठरविण्याची ही खोड परदेशापुरती नाही. बेंगळुरूतच जुलै २०२४ मध्ये धोतर नेसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मॉलमध्ये प्रवेश नाकारण्यात आला, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि तो मॉल काही दिवस बंद ठेवला गेला.

मध्यमवयीन स्त्रीसाठी साडीचा व्यावहारिक लाभ असा की ती बदलत्या शरीराशी जुळवून घेते. वजन पाच किलोंनी वाढले तरी साडी तीच राहते, बदलावे लागते ते ब्लाउज. आणि खरी हयगय तेथेच होते. दंडाचा घेर व पाठ यांत होणारा बदल लक्षात न घेता जुने ब्लाउज हुक ताणून घातले जातात. शिवतानाच दोन्ही बाजूंना आत इंचभर कापड राखून ठेवायला सांगितले, तर ब्लाउज दोन-तीनदा उसवून वाढवता येतो. रेशमी साडीवर चांगला बसणारा कोपरापर्यंतच्या बाह्यांचा साधा, काळा किंवा तांबूस ब्लाउज एक असला की पाच साड्या कामाला येतात.

कार्यालयासाठी साडी निवडताना तिचे सूत पाहावे. म्हैसुरी क्रेप रेशीम पीळ दिलेल्या धाग्याचे असल्याने सहज चुरगळत नाही, अंगाला धरून राहते आणि वजनाला हलके असते. म्हैसूरचा सरकारी रेशीम कारखाना १९१२ चा, विश्वेश्वरय्या दिवाण झाले त्याच वर्षीचा. बारीक जरीकाठाची एकरंगी साडी दिवसभराच्या बैठकांना उत्तम. बागलकोट जिल्ह्यातील इळकलची साडी महाराष्ट्रात इरकल म्हणून आजीच्या काळापासून घरोघरी आहे. त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा खण आता ब्लाउज, जाकीट आणि लॅपटॉपच्या पिशव्यांवरही दिसू लागला आहे. सुती साडीला कांजी हवी, ती दुपारपर्यंत टिकते. तीन वाजता महत्त्वाची बैठक असेल तर त्या दिवशी सुती साडी नको. एक छोटी सूचना गळ्यातल्या ओळखपत्राविषयी. त्याची पट्टी पदराच्या पिनेत हमखास अडकते. कमरेला अडकवायची क्लिप बहुतेक कार्यालयांत मागितल्यास मिळते.

रजोनिवृत्तीचा काळ भारतीय स्त्रियांत सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास येतो, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे लवकर. अचानक अंगातून वाफा निघणे, दरदरून घाम येणे हे त्यात असते, आणि वातानुकूलित दालनात लगेच थंडीही वाजते. अशा वेळी कृत्रिम धाग्याचे अस्तर टाळावे, आत सुती आणि वर चटकन काढता येईल असे जाकीट किंवा स्टोल ठेवावा. घामाचे डाग ठळक दिसतात ते मधल्या छटांवर, विशेषतः करड्या व आकाशी रंगावर. पांढऱ्या आणि गर्द निळ्यावर ते फारसे उठत नाहीत. त्रास वाढल्यास हा कपड्यांचा विषय राहत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे.

चष्मा, केस, कातडी

मराठीत जवळचे वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात, आणि शब्दाने वय अचूक सांगितले आहे. डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते, वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते. चष्मा टाळून मोबाइल लांब धरणारा माणूस चष्मा लावलेल्यापेक्षा अधिक थकलेला दिसतो. जवळचे-लांबचे एकत्र असलेल्या प्रोग्रेसिव्ह भिंगातून संगणक पाहताना हनुवटी वर उचलावी लागते, त्यातून मानदुखी जडते. दिवसातले आठ तास पडद्यासमोर जात असतील तर पडद्याच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेणे योग्य. नंबर साठीपर्यंत बदलत राहतो, म्हणून दोन वर्षांनी तपासणी करावी. भिंगावर प्रकाश परावर्तित न होणारा थर असला की दृक्‌संवादात समोरच्याला आपले डोळे दिसतात. अन्यथा दोन चमकते चौकोन दिसतात.

केस रंगवावेत की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. रंगवायचे ठरले तर केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात हे लक्षात घ्यावे : तीन-चार आठवड्यांत मुळांशी पांढरी रेघ दिसते आणि न रंगविलेल्या केसांपेक्षा ती अधिक नजरेत भरते. संपूर्ण काळ्याऐवजी गडद तपकिरी छटा चेहऱ्याला कमी कठोर करते. बहुतेक काळ्या रंगांत पॅरा-फेनिलिनडायअमिन हे रसायन असते. त्याने काहींना तीव्र ॲलर्जी होते, चेहरा व पापण्या सुजतात. म्हणून पाकिटावर लिहिलेली, कानामागे थोडा रंग लावून अठ्ठेचाळीस तास थांबण्याची चाचणी करावीच, वर्षानुवर्षे तोच रंग वापरणाऱ्यांनीही, कारण ही ॲलर्जी पुढे केव्हाही उद्भवू शकते. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीतही पुष्कळदा हेच रसायन असते. निव्वळ मेंदी तांबूस रंग देते. रंग सोडायचा असेल तर खांद्यापर्यंतचे केस पूर्ण नैसर्गिक व्हायला दोन वर्षे लागतात. तोवर केस आखूड कापणे हाच सोपा मार्ग. पुरुषांच्या बाबतीत पांढरी दाढी आणि काळेभोर रंगविलेले डोके हे जोडपे कधीच जमत नाही.

शहराची उंची व ढगांमधून येणारे ऊन यांमुळे येथे उन्हाचा मारा जाणवत नाही, पण होतो. चाळिशीनंतर गालांवर येणारे वांग त्यानेच गडद होतात. एसपीएफ ३० चे सनस्क्रीन सकाळी लावावे. गोरेपणासाठी औषधाच्या दुकानातून आणलेली स्टेरॉइडची मलमे मात्र कातडी पातळ व लाल करतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती सर्रास वापरली जातात.

पाऊस, बूट आणि पडदा

बेंगळुरूचा पाऊस मुंबईसारखा जून-जुलैत एकदम कोसळत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या वळिवांनी त्याची सुरुवात होते आणि सर्वाधिक पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो. परिणामी वर्षातील सहा-सात महिने संध्याकाळी बूट भिजण्याची शक्यता असते. भिजलेले कातडी बूट उन्हात वा हीटरजवळ वाळवले तर तडकतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत दोन दिवस ठेवावे. म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरणे परवडते. पावलेही वयाबरोबर पसरतात, कमानी उतरतात. तिशीतल्या मापाचे बूट पन्नाशीत चावतात, आणि लंगडत चालणाऱ्याच्या सुटाकडे कोणी पाहत नाही. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात.

घरून काम सुरू झाल्यापासून अनेक मुलाखती पडद्यावरच होतात. तेथे कपड्यांपेक्षा उजेड महत्त्वाचा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळवंडतो. ती समोर असावी. लॅपटॉप मांडीवर किंवा खालच्या टेबलावर असेल तर कॅमेरा हनुवटीखालून पाहतो आणि नसलेली दुहेरी हनुवटी दाखवतो. चार जाड पुस्तके खाली ठेवून तो डोळ्यांच्या रेषेत आणावा. बारीक चौकडीचे व रेघांचे शर्ट पडद्यावर लहरतात, एकरंगी शर्ट स्थिर दिसतो.

खर्चाचा हिशेबही मांडायला हवा. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के आणि त्याहून महाग कपड्यांवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्यामुळे एक महागडा ब्लेझर घेण्यापूर्वी कपाटातील जुना ब्लेझर शिंप्याकडे नेऊन त्याची बाही, कंबर आणि अस्तर दुरुस्त होते का हे विचारणे शहाणपणाचे. खांदा बसत असेल तर बहुधा होते. नवे शिवायचे असेल तर दसरा-दिवाळी आणि त्यामागोमागच्या लग्नसराईत चिकपेठ ते कमर्शियल स्ट्रीटपर्यंतचे शिंपी चार-चार आठवड्यांची मुदत सांगतात. माप श्रावणातच देऊन ठेवावे आणि शेवटच्या फिटिंगला त्या कपड्यांवर घालायचे बूट सोबत न्यावेत.